जामीन कोण राहणार?

(पेण आणि रोहा येथे लागोपाठच्या दोन संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानांचे एकत्रित शब्दांकन)

मंडळी, विषय निर्वासितांचा आहे, पण सुरुवात एका फोनने करतो.

2015 सालचा नोव्हेंबर असेल. टोरांटोजवळ राहणाऱ्या आमच्या पुतणीचा फोन आला. ती म्हणाली, "काका, आम्ही पाच जण मिळून एका सीरियन कुटुंबाला इकडे आणायचं म्हणतोय. सही करू का?" कॅनडात कायद्याने तशी सोय आहे. पाच नागरिकांनी एकत्र यायचं आणि एका निर्वासित कुटुंबाचा साधारण वर्षभराचा भार उचलायचा. घर बघायचं, भाडं भरायचं, मुलांना शाळेत घालायचं, डॉक्टरकडे न्यायचं, बसचं तिकीट कसं काढायचं तेही शिकवायचं. 1979 साली व्हिएतनाममधून लोक होड्यांतून बाहेर पडू लागले, तेव्हा ही पद्धत तिथे जोरात सुरू झाली आणि आजवर तीन लाखांहून अधिक माणसं तिच्यातून त्या देशात आली.

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. नीतिशास्त्राचे पेपर काढले, तपासले. आणि पुतणीला उत्तर काय दिलं? म्हणालो, "वर्षभर? आणि नंतर काय? उगीच गुंतू नकोस."

फोन ठेवल्यावर आमच्या लक्षात आलं की हे वाक्य आमचं नव्हतंच, आमच्या वडिलांचं होतं. वडील एका पतपेढीत शेजाऱ्याला जामीन राहिले होते. शेजारी हप्ते भरेनासा झाला आणि नोटीस आमच्या घरी आली. पुढली साडेतीन वर्षं वडिलांच्या पगारातून रक्कम कापली जायची. त्या काळात घरात एक नियमच होऊन गेला : कुणाला पैसे द्यायचे तर देऊन टाकावेत, पण जामीन राहू नये. दिलेले पैसे गेले तर तेवढेच जातात, पण जामीन राहणारा दुसऱ्याच्या उद्याला बांधला जातो.

आजच्या विषयाचं मर्म या फरकातच आहे. इंग्रजीत 'स्पॉन्सर' म्हणतात, आपण 'प्रायोजक' म्हणतो. पण पेणमध्ये प्रायोजक म्हटलं की डोळ्यांपुढे गणेशोत्सवाच्या कमानीवरचा फ्लेक्सच येतो. म्हणून आम्ही 'जामीन' हाच शब्द वापरणार आहोत. परक्या माणसासाठी जामीन राहायला समाज केव्हा तयार होतो, केव्हा होत नाही, आणि झालाच तर त्याला मनातून काय वाटत असतं?

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं : अतिथी देवो भव. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी फोड आपण लहानपणी शिकलो. पण अतिथीच्या कल्पनेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तो जाणार. उपनिषदातल्या वचनाच्या जोडीला आपल्या आजीचीही एक म्हण आहे ना : एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. कांटने 1795 मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो जवळपास आजीसारखंच बोलतो. परक्याला भेटीला येण्याचा हक्क आहे, त्याला शत्रूसारखं वागवू नये. पण राहण्याचा हक्क हवा असेल तर वेगळा करार लागेल. निर्वासिताची अडचण नेमकी तिसऱ्या दिवशी सुरू होते.

आता आपल्या भूमीकडे येऊ. आपला जिल्हा या बाबतीत फार अभिमानाने बोलतो, आणि तसं बोलायला जागाही आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांनी बुडालेल्यांना तिथेच पुरलं आणि ते इथेच राहिले, ही बेने इस्रायलांची कथा इथल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. अलिबागेत इस्राएल आळी आहे, पेणला सिनेगॉग आहे. आडनावं पाहा : पेणकर, रोहेकर, आणि कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावरचे अष्टमकर.

काल पेणला आम्ही एक वाक्य बोलून गेलो आणि त्याला टाळ्याही मिळाल्या. वाक्य असं होतं : "गावाने त्यांना कागद दिला नाही, पण आडनाव दिलं." रात्री विचार केला तेव्हा वाटलं, हे काही बरोबर नाही. पेणमध्ये राहणाऱ्याला पेणकर कोण म्हणेल? पेणमध्ये सगळेच पेणकर! माणूस गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हा गावाचं नाव त्याला चिकटतं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्रायल मुंबईला जाऊ लागले, कंपनीच्या फौजेत शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. म्हणजे ही आडनावं यजमानाने दिलेली भेट नव्हे, बहुधा ती निघून गेल्याची नोंद आहे. टाळ्या परत करता येत नाहीत, दुरुस्ती तेवढी करता येते.

दुसरी दुरुस्ती याहून महत्त्वाची. "आम्ही त्यांना सामावून घेतलं" ही गोष्ट सांगितली कुणी? जहाज नेमकं कोणत्या शतकात फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ती कथा आपल्यापर्यंत आली ती पाहुण्यांच्या तोंडून. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1897 मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला, आणि तो तेल अवीवला छापून निघायला 1937 उजाडलं. यजमानांकडे, म्हणजे आपल्याकडे, त्या स्वागताचा कागदाचा एक तुकडाही नाही. आम्हाला ही गोष्ट कमीपणाची वाटत नाही, उलट विश्वासाची वाटते. पाहुणचाराबद्दल पाहुण्याची साक्ष ग्राह्य धरावी. यजमानाची तितकीशी धरू नये.

पारशांच्या कथेत हेच उलट्या अंगाने दिसतं. दुधाने काठोकाठ भरलेला पेला आणि त्यात विरघळलेली साखर सगळ्यांना पाठ असते. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान'मध्ये ती साखर नाही. तिथे आहेत त्या राजाच्या अटी. तुमचा धर्म काय तो समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नाच्या वराती संध्याकाळनंतर काढा. लोकांनी साखर लक्षात ठेवली आणि अटी विसरले. आश्रयाला अटी होत्या हे कबूल करायला आपण एवढे का कचरतो? अट घालणारा निदान समोरचा राहणार हे मान्य तरी करतो.

इथवरचं सगळं दंतकथेच्या धुक्यातलं झालं. प्रत्यक्ष जामिनाचा कागद दिसतो तो 1930 च्या दशकातल्या मुंबईत, आणि त्यात आपल्या जिल्ह्याची माणसं आहेत. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून, पुढे ऑस्ट्रियातून ज्यू बाहेर पडू लागले. थोडे मुंबईला उतरले. 1934 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. सरकारचं म्हणणं सरळ होतं : येणाऱ्याकडे नोकरी तरी असू द्या, नाहीतर तो सरकारवर बोजा होणार नाही याची हमी कुणीतरी घ्या. ती हमी या संस्थेने घेतली. आज कॅनडात जे चालतं त्याचाच हा एक पूर्वावतार, फोर्ट-भायखळ्याच्या परिसरातला.

आणि लोकांची वृत्ती? ती एकसारखी नव्हती. जवाहरलाल नेहरू उघडपणे म्हणत होते की या शिकलेल्या माणसांना येऊ द्या, देशाला उपयोग होईल. पण निर्वासितांत डॉक्टर पुष्कळ होते, आणि इथल्या काही डॉक्टरांना आपल्या व्यवसायाची काळजी वाटली. आमच्या मते ती केवळ दुष्टपणाची नव्हती. पारतंत्र्यातल्या देशात धंद्याच्या जागा आधीच मोजक्या. त्या वेळी निर्वासित डॉक्टरांच्या बाजूने डॉ. अब्राहम एरुलकर उभे राहिले. ते बेने इस्रायल, नामवंत डॉक्टर, गांधीजींच्या परिचयातले. कधीकाळी ज्यांना किनाऱ्याने ठेवून घेतलं त्यांच्यातलाच एक जण बंदरावर नव्याने उतरणाऱ्यांसाठी शब्द टाकतो, हे इतिहासात रोज घडत नाही.

तेव्हा आलेल्यांनी काय दिलं, याची यादी लांबवता येईल. आकाशवाणी सुरू होताना ती जी ओळखीची धून वाजायची, ती बांधणारे वॉल्टर काउफमन. हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे या चित्रकारांना आरंभी हात देणारे लँगहॅमर, श्लेसिंगर, फॉन लायडेन. पण ही यादी वाचताना आम्हाला थोडी धास्ती वाटते. निर्वासिताने धून बांधली म्हणून त्याला आश्रय योग्य ठरतो काय? ज्याने आयुष्यभर फक्त हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्याचं काय? उपयोगाचा युक्तिवाद लोकांना पटकन पटतो, म्हणून तर तो जपून वापरायचा.

आणि हमीची किंमत किती, ते 1939 च्या सप्टेंबरात कळलं. युद्ध सुरू झालं. हिटलरपासून पळून आलेला ज्यू कागदोपत्री जर्मन होता, म्हणजे शत्रुराष्ट्राचा नागरिक. बऱ्याच जणांना पकडून अहमदनगरला नेलं. चौकशीनंतर पुष्कळ सुटले, पण काहींचा मुक्काम पुढे देवळाली, पुरंदर, सातारा असा होत राहिला. जामीन होता, पण सरकारचं मन फिरलं तेव्हा जामीनदाराचं काही चाललं नाही.

आता कोल्हापूर. इथे जरा सावकाश जाऊ, कारण आपल्या राज्यातला हा सगळ्यात शिकवणारा दाखला आहे, आणि तोही एकाच जागेवरचा.

स्टॅलिनने हद्दपार केलेले पोलिश लोक 1942 मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. त्यातली काही मुलं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला ठेवून घेतली. मुलांच्या खर्चासाठी निधी उभा झाला, त्यात संस्थानिकांनी आणि टाटांसारख्या घराण्यांनी पैसे घातले. मग 1943 मध्ये कोल्हापूरजवळ वळीवडे इथे मोठी छावणी वसवली. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. कौलारू बराकी, शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच. क्षयाच्या रोग्यांसाठी पाचगणीला सोय होती.

कोल्हापूरकरांच्या आठवणीत हे लोक फार गोड आहेत. ज्यांनी लहानपणी ते दिवस पाहिले ती पोलिश माणसं म्हातारपणी परत येत राहिली, रडत राहिली. शहरात स्मारक झालं, 2019 मध्ये पोलंडच्या मंत्र्यांच्या उपस्थितीत मोठा समारंभ झाला. वॉर्साला कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे, आणि जामसाहेबांच्या नावाने 'भल्या महाराजांचा चौक' आहे. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे.

फक्त दोन गोष्टी जोडू. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. गवळी, भाजीवाला, शिंपी, टांगेवाला यांना त्यातून धंदा मिळाला. आणि दुसरं, ते गेले. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली.

रिकाम्या बराकींत कोण आलं? सिंधी. फाळणीत घरदार सोडून आलेली कुटुंबं त्याच भिंतींच्या आत, त्याच कौलांखाली राहू लागली. त्या वस्तीचं नाव आज गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला सांगली-कोल्हापूरकडची माणसं अजूनही तिथे जातात. एकच जागा, दोन निर्वासित समाज, एकापाठोपाठ एक. पोलिश लोकांसाठी आपण खांब उभारले. सिंध्यांसाठी काय उभारलं? त्यांच्याबद्दल विनोद रचले. ते राहिले, दुकानं थाटली, दोन पैसे कमी नफ्यावर माल विकला, आणि शेजारच्या जुन्या दुकानदाराच्या पोटात गोळा आला. तेच कल्याणजवळच्या लष्करी छावणीत झालं, जिथे सुमारे एक लाख माणसं कोंबली गेली आणि पुढे उल्हासनगर झालं. तेच पिंपरीला, चेंबूरला. 'शरणार्थी' हा शब्द त्यांना बोचायचा. पंजाबी आणि सिंधी निर्वासित म्हणायचे, आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी. आमच्या लहानपणी घरोघर कापडाचं गाठोडं घेऊन येणारा एक सिंधी म्हातारा होता. आमची आई त्याच्याशी तासभर घासाघीस करायची, पण त्याला पाणी मात्र आधी विचारायची. तिच्या मनात नक्की काय होतं, ते आम्हाला अजून सांगता येत नाही. बहुतेक समाजाचंही तसंच असतं.

पेणमध्ये बोलायचं आणि गागोद्याचं नाव घ्यायचं नाही, असं होणार नाही. विनोबा याच तालुक्यातले. लोकांना भूदान आठवतं, ते 1951 चं. पण त्याआधी 1948 मध्ये, गांधीजी गेल्यावर, ते नेहरूंच्या बोलावण्यावरून दिल्लीकडे गेले आणि काही महिने निर्वासितांत राबले. पाकिस्तानातून आलेल्या हिंदू-शिखांत तर राबलेच, पण घरातून उखडल्या गेलेल्या मेवातच्या मुसलमानांना परत त्यांच्या गावी बसवण्याच्या कामातही. दोन्ही बाजूंच्या जखमी लोकांत एकाच वेळी उभं राहणं किती अवघड असेल, याची कल्पना करा. आमच्या समजुतीप्रमाणे जमीन मागण्याची हिंमत त्यांना तिथल्या अनुभवाने दिली असावी. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे.

मग 1971. त्या वेळी आम्ही विशीत. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आली. इतक्या लोकांना जामीन कोण? सरकारने सगळ्या देशालाच जामीन केलं. 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर 5 पैशांचं जादा तिकीट आलं, शरणार्थी साहाय्याचं. घाई इतकी की नवं तिकीट छापून होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या 5 पैशांच्या तिकिटावरच ती अक्षरं उमटवली. छोटं कुटुंब, आणि त्याच्यावर शाईने एक कोटी माणसं. आम्ही नोकरीचे अर्ज पाठवायचो तेव्हा प्रत्येक पाकिटाला ते लावायला लागायचं, आणि पाच पैसे त्या दिवसांत जाणवायचे. पोस्टातल्या रांगेत कुरकुर ऐकू यायची, पण तिकीट न लावता पाकीट टाकणारा दिसला नाही. 31 मार्च 1973 पर्यंत हे चाललं. तोवर बहुतेक निर्वासित आपल्या देशात परतलेही होते.

पुन्हा तेच. ते परत गेले, म्हणून ती आठवण उजळ आहे. आज 'बांगलादेशी' हा शब्द आपल्या बोलण्यात कसा येतो ते तुम्हीच आठवून पाहा. शब्द तोच, पाच पैसे देणारे आपणही तेच.

कायद्याच्या बाजूने एवढं सांगून पुढे जातो की भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे कोण निर्वासित हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत 1972 पासून आहे. गडचिरोलीकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. ती सरकारने वसवली. शेजाऱ्यांनी सही करून एखादं कुटुंब आणावं, अशी वाट आपल्या कायद्यात नाही. म्हणून "आपण तसं करू का?" हा प्रश्न आपल्याला कधी खराखुरा विचारलाच गेला नाही. आणि जो प्रश्न विचारला जात नाही त्याचं उदार उत्तर देणं सोपं असतं.

आमच्या पुतणीला तो विचारला गेला. तिने आमचं ऐकलं नाही, सही केली. 2016 मध्ये ते कुटुंब आलं. नवराबायको आणि तीन मुलं. नवरा शिवणकाम करणारा. पहिले तीन महिने कौतुकाचे गेले. चौथ्या महिन्यात भांडण झालं, आणि तेही पाहुण्यांशी नव्हे, पाच जामीनदारांत आपसात. त्या माणसाने मोठा टीव्ही घेतला होता. एकजण म्हणाला, आपल्या पैशांतून टीव्ही? दुसरी म्हणाली, एकदा दिलेले पैसे आपले कसे? पुतणीने आम्हाला विचारलं. आम्ही नीतिशास्त्राचे प्राध्यापक! दोन दिवस विचार करून सांगितलं की ती दुसरी बाई बरोबर आहे. जामीन राहणारा हळूहळू मालक होऊ लागतो, हा या पद्धतीतला खरा धोका. भार उचलणाऱ्याला वाटतं की उचललेल्या माणसाचं ताटही आपणच वाढावं. सिंध्यांना 'शरणार्थी' का बोचत होतं, ते आम्हाला त्या टीव्हीमुळे कळलं.

बेने इस्रायलांचा शेवटचा अध्याय इथे जोडावासा वाटतो. 1948 नंतर ते इस्रायलला जाऊ लागले, आपल्याच मानलेल्या भूमीत. आणि तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने विचारलं, तुम्ही खरेच ज्यू कशावरून? लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करा. त्यांनी निदर्शनं केली, आणि 1964 मध्ये त्यांचं पूर्ण स्थान मान्य झालं. पेण-रोह्याने त्यांना पुरावा मागितला असेल-नसेल, त्यांच्या स्वतःच्या घराने मागितला. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. नाव काय निवडलं ते पाहा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला होता, पण मघाशी मागून एका गृहस्थांनी उभं राहून जे विचारलं, त्यातच तो वापरू. ते म्हणाले, "सर, सीरियन आणि पोलिश राहू द्या. आधी आपल्या कातकऱ्यांचं बघा."

हरकत रास्त आहे. हे वाक्य जगभर टाळाटाळीसाठी वापरलं जातं, पण रोह्यात ते तसं झटकता येणार नाही. कातकरी इथलेच, आपल्या सगळ्यांच्या आधीचे. पुष्कळ वाड्यांत घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. दिवाळीनंतर ठेकेदाराकडून उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं, मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल म्हणजे उलटा जामीनच की. तिथे माणूस स्वतःलाच तारण ठेवतो. निर्वासित व्हायला त्यांना सरहद्द ओलांडावी लागत नाही.

पण मग त्या गृहस्थांना आमचा उलट प्रश्न, आणि तो आम्हालाही लागू आहे. या सभागृहात असं कोण आहे, ज्याने एका कातकरी कुटुंबासाठी एक वर्ष, फक्त एक वर्ष, भट्टीच्या हंगामात मुलं शाळेत राहावीत म्हणून सही केली आहे? पाच जण मिळून चालेल. टीव्हीवरून भांडण झालं तरी चालेल.

हात वर झालेले दिसत नाहीत. आमचाही नाही.

उद्या सकाळी साडेसातला पूल ओलांडून अष्टमीला जाऊन येणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी पुलाच्या अलीकडे भेटावं. आणि मागच्या गृहस्थांनी मात्र जरूर यावं, त्यांच्याशी आमचं बोलणं अजून व्हायचं आहे.